आधी प्रश्न, मग सेन्सर: रहिवाशांना सोबत घेऊन स्मार्ट आणि शाश्वत शहर कसं घडवावं

ऑक्टोबर २०१७ मध्ये टोरंटोत सरोवराकाठच्या सुमारे १२ एकर जागेवर भविष्यातली वस्ती उभारण्याची घोषणा झाली. गुगलच्या मूळ कंपनीची, अल्फाबेटची, साइडवॉक लॅब्ज ही शाखा आराखडा करणार होती. लाकडी बहुमजली इमारती, बर्फ वितळवणारे पदपथ, मालवाहतुकीसाठी भुयारं, जागोजागी सेन्सर. कल्पनांना तोटा नव्हता आणि सभाही भरपूर झाल्या. पण लोकांच्या हालचालींचा डेटा कुणाच्या मालकीचा, या साध्या प्रश्नाचं पटण्याजोगं उत्तर कुणी देईना. कंपनीला गोपनीयतेबाबत सल्ला देणाऱ्या ॲन कॅव्हुकियन यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये राजीनामा दिला. जून २०१९ मध्ये सुमारे दीड हजार पानांचा आराखडा आला आणि त्यात १२ एकरांवरून भाषा १९० एकरांवर गेली. रहिवाशांचा विरोध तोवर संघटित झाला होता. मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचं कारण देत प्रकल्प सोडून दिला.

त्या प्रकल्पातल्या कितीतरी कल्पना चांगल्या होत्या. गडबड क्रमात होती. उपाय तयार, त्याला साजेसा प्रश्न नंतर शोधायचा, आणि निर्णय कुणाचा हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. हा लेख हाच क्रम उलटा कसा करायचा याबद्दल आहे. महापालिकेत काम करणारे, नगरसेवक, वास्तुरचनाकार आणि आपल्या भागासाठी काही करू पाहणारे नागरी गट हे वाचणारे असतील असं गृहीत धरलं आहे.

एक पथ्य आधीच सांगतो. अख्खं शहर एकदम हाती घेऊ नका. एक वस्ती घ्या, एक प्रश्न घ्या आणि एक ते दीड वर्षाची मुदत धरा. पावसाचं पाणी तुंबणं, शाळेच्या वाटेवरची वाहतूक, रात्रीचा गोंगाट, उन्हाळ्यात तापणारा रस्ता, असा चिमटीत धरता येईल एवढा विषय असावा. शहरभराचं धोरण पुढे यातूनच आकाराला येतं.

पायरी १: किती अधिकार सोडणार, ते आधी लिहून काढा

शेरी आर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक. त्यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचं नुसतं सोंग असतं. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं आणि दोन-चार मागण्या मान्य करून समजूत काढणं एवढंच घडतं. भागीदारी, अधिकार सोपवणं आणि नागरिकांचं प्रत्यक्ष नियंत्रण या वरच्या तीन पायऱ्या. अर्धं शतक उलटून गेलं तरी बहुतेक शहरं मधल्या पायरीवर उभी राहून वरच्या पायरीची भाषा बोलतात.

मधल्या पायरीवर असणं हा काही गुन्हा नाही. कधीकधी कायद्याने किंवा तांत्रिक कारणाने तेवढंच शक्य असतं. मग तसं सरळ सांगावं. लोक कमी अधिकार समजून घेतात. अधिकार मिळाल्याचा भास करून दिला आणि नंतर तो खोटा निघाला, तर मात्र पुढची दहा वर्षं कुणी सभेला फिरकत नाही.

म्हणून पहिल्या सभेआधी एक पानाचं टिपण तयार करा. काय आधीच ठरलेलं आहे, काय खुलं आहे, पैसा किती आणि कुठून येणार, अंतिम निर्णय कुणाचा, आणि लोकांच्या सूचनांना कोणत्या तारखेपर्यंत लेखी उत्तर मिळणार. ज्याच्या हाती खरोखर निर्णय आहे त्याची सही त्यावर घ्या. सही मिळत नसेल तर थांबा. त्या नकारातूनच पुष्कळ काही कळतं.

टिपण लिहिताना एक कसोटी लावून पाहावी. वरिष्ठांना विचारा, ‘लोकांनी नेमकं काय सांगितलं तर आपण बेत बदलू?’ याचं एकही उदाहरण देता आलं नाही तर सभा बोलावू नका. माहितीपत्रक वाटा आणि मोकळे व्हा.

पायरी २: गाऱ्हाणं ऐका, उपाय विचारू नका

‘तुम्हाला स्मार्ट पार्किंग हवं का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येणार. त्यातून काही कळत नाही. ‘गेल्या आठवड्यात घराबाहेर पडल्यावर कुठे अडलात? कुठे जायचं टाळलंत?’ असं विचारलं की माणसं बोलू लागतात. उपाय काढण्याचं काम पुढच्या पायरीवर आहे. इथे फक्त अडचणी गोळा करायच्या, त्याही बोलणाऱ्याच्याच शब्दांत. ‘पादचारी सुविधांचा अभाव’ असं कार्यालयीन भाषांतर करून लिहिलं की त्यातला जीव जातो. ‘आजीला सिग्नल संपायच्या आत पलीकडे पोचता येत नाही’ हे वाक्य तसंच वहीत ठेवा. त्यात सिग्नलचे सेकंद किती वाढवायचे याचाही धागा आहे.

सभागृहात बसून हे साधत नाही. वस्तीतून चाला. सकाळी कामाच्या घाईत, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री उशिरा अशा वेगवेगळ्या वेळी, आणि दरवेळी वेगळ्या माणसांसोबत. चाकाच्या खुर्चीवरून फिरणारी व्यक्ती, बाबागाडी ढकलणारे पालक, रात्रपाळी करून परतणारा कामगार यांच्याबरोबर तोच रस्ता तीन वेगळे रस्ते होतो. नकाशाची मोठी छापील प्रत आणि खडूपेन्सिली जवळ असल्या तर ॲपची गरज पडत नाही.

जे दिसत नाही तेही नोंदवा. व्हिएन्नात १९९० च्या दशकात केलेल्या पाहणीत आढळलं की साधारण नऊ वर्षांच्या पुढे मुली सार्वजनिक बागांत यायच्या बंद होतात, मुलगे मात्र येत राहतात. मोकळ्या मैदानासाठी चढाओढ झाली की मुली माघार घेत होत्या. १९९९ पासून तिथल्या दोन बागांची फेररचना झाली. पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनसाठी जागा केल्या, झाडी लावून एका मोठ्या पटांगणाचे लहान लहान भाग पाडले. मुली परत दिसू लागल्या. या मुलींनी कधी तक्रार नोंदवली नव्हती. जी माणसं एखाद्या जागी येतच नाहीत त्यांचं गाऱ्हाणं तक्रारपेटीत सापडत नाही, कुणीतरी बसून मोजावं लागतं.

पायरी ३: कोण आलेलं नाही, याची यादी करा

संध्याकाळच्या सभेला तेच ते चेहरे येतात. घरमालक, निवृत्त मंडळी, पक्षाचे कार्यकर्ते आणि प्रत्येक सभेत एक असतातच असे वीस मिनिटं बोलणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं चूक असतं असं नाही, पण ते वस्तीचं म्हणणं नसतं. भाडेकरू, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बायका, विद्यार्थी, मतदारयादीत नसलेले स्थलांतरित यांच्यापैकी कोण नव्हतं हे प्रत्येक बैठकीनंतर लिहून ठेवा आणि पुढची बैठक त्यांच्या ठिकाणी, त्यांच्या वेळेला घ्या.

गट कायमस्वरूपी हवा असेल तर चिठ्ठ्या टाकून निवड करणं हा माझ्या मते सर्वांत कमी आवाज करणारा आणि सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. पॅरिसने २०२१ मध्ये १०० रहिवाशांची अशी कायमस्वरूपी नागरिक सभा नेमली. पद्धत दोन टप्प्यांची असते. आधी यादृच्छिक पत्त्यांवर निमंत्रणं पाठवायची. ‘हो’ म्हणणाऱ्यांतून वय, लिंग, शिक्षण, राहण्याचा भाग यांचं प्रमाण वस्तीशी जुळेल अशी दुसरी सोडत काढायची. होकार थोडेच येतात, त्यामुळे तीस माणसं हवी असतील तर हजारभर पत्रं पाठवायची तयारी ठेवा. निवडलेल्यांना बैठकीचा भत्ता द्या, मुलांना सांभाळायची सोय करा, भाषेचा दुभाषा ठेवा. भत्त्यावर हमखास नाकं मुरडली जातात. पण सल्लागार कंपनीला तासावर पैसे मोजणाऱ्या संस्थेने रहिवाशाचा वेळ फुकट समजावा हे काही बरोबर नाही.

ॲपवर सारा भार टाकला की काय होतं याचं बॉस्टनचं उदाहरण चांगलं आहे. २०१२ मध्ये तिथे स्ट्रीट बंप नावाचं ॲप आलं. फोन गाडीत ठेवला की धक्क्यावरून खड्डा कुठे आहे ते आपोआप नोंदलं जाई. अडचण उघड होती: ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि गाडी जास्त त्यांच्या भागातले खड्डे जास्त दिसणार आणि दुरुस्तीही तिथेच होणार. हे ध्यानात घेऊन शहराने ते ॲप आधी रस्ते तपासणाऱ्या आपल्याच कर्मचाऱ्यांना दिलं, कारण ते सगळ्या भागांत सारखेच फिरतात. नैरोबीतल्या किबेरात याच्या उलट बाजूने काम झालं. अधिकृत नकाशांवर ही प्रचंड वस्ती जवळपास कोरीच होती. २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी जीपीएस यंत्रं घेऊन गल्ल्या, पाण्याचे नळ, शाळा, दवाखाने ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर चढवले. नकाशावर नसलेल्या वस्तीसाठी अंदाजपत्रकात तरतूद मागणं अवघड असतं, हे तिथल्या लोकांना सांगायला नको.

पायरी ४: मोजणी रहिवाशांच्या हातात द्या

सेन्सर इथे येतो, याआधी नाही. आणि शक्य असेल तर तो रहिवाशांच्याच खिडकीत लागावा.

बार्सिलोनातल्या प्लासा देल सोल या चौकात रात्री उशिरापर्यंत गर्दी आणि गोंगाट असे. वर्षानुवर्षं तक्रारी होत होत्या. युरोपीय संघाच्या पैशावर चाललेल्या मेकिंग सेन्स प्रकल्पात २०१७ च्या सुमारास चौकाभोवतीच्या रहिवाशांनी आपापल्या सज्जात आवाज मोजणारी छोटी यंत्रं लावली. रात्रीची पातळी जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीच्या बरीच वर असल्याचं आकड्यांत दिसलं. युरोपसाठी ही शिफारस रात्री घराबाहेर सरासरी ४० डेसिबलची आहे. आकडे हाती आल्यावर बोलण्याचा सूर बदलला. ‘तुम्हाला झोप येत नाही’ आणि ‘इथे मर्यादा ओलांडली जाते’ ही दोन वेगळी संभाषणं आहेत. गर्दी जिथे बसे तिथे झाडं लावण्यासारख्या उपायांवर मग चर्चा पुढे सरकली.

करायला घेताना पुढचं सांभाळा. ‘हवा कशी आहे?’ हा प्रश्न मोजता येत नाही. ‘शाळा सुटताना फाटकापाशी सूक्ष्म कणांचं प्रमाण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा किती वाढतं?’ हा येतो. त्यासाठी किती यंत्रं, कुठे, किती आठवडे हे त्या वाक्यातूनच निघतं.

स्वस्त कण-सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात. हवेतला दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र जास्त आकडा दाखवतं. त्यामुळे वस्तीत लावण्याआधी सगळी यंत्रं अधिकृत मापन केंद्राशेजारी दोनेक आठवडे ठेवून फरक नोंदवा, नंतर तेवढी दुरुस्ती करा. ही पायरी चुकवली तर पहिल्याच बैठकीत एखादा अभियंता तुमची सगळी मोजणी मोडीत काढेल, आणि त्याचं बरोबर असेल. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी हाताशी ठेवा: पीएम २.५ साठी (म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांसाठी) वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, २४ तासांसाठी १५. आवाजाचं गणितही वेगळं आहे. डेसिबल ही लॉगरिदमिक मोजपट्टी असल्याने आकडे बेरजेने जोडून भागाकार केला तर सरासरी चुकते. ३ डेसिबल वाढणं म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट होणं.

कामाला हात लावण्याआधीची मोजणी करून ठेवायला विसरू नका. बदल झाल्यानंतर ‘आधी किती होतं’ हे शोधत बसणं म्हणजे वरातीमागून घोडं. तुलना त्याच ऋतूतल्या त्याच वारांची हवी.

मोजायला सेन्सरच लागतो असंही नाही. पाणी किती तुंबलं याची खूण भिंतीवर रंगाच्या पट्टीने केली, रस्ता ओलांडणाऱ्यांची गणना शाळकरी मुलांनी कागदावर रेघा मारून केली, तरी चालतं. किंबहुना ज्याने मोजलं तो त्या आकड्याची बाजू घेऊन भांडतो. नुसत्या डॅशबोर्डवरून ही जिद्द येत नाही.

पायरी ५: पर्याय एकत्र बसून काढा, किंमत लावूनच

आता तज्ज्ञ आणि रहिवासी एका टेबलाशी येतात. दर टेबलाशी सहा-आठ माणसं, त्यांत एक अभियंता किंवा नगररचनाकार आणि बोलणं मार्गावर ठेवणारा एक संचालक. हा संचालक महापालिकेचा नसावा. तीन-चार पर्याय रंगवून समोर ठेवा आणि प्रत्येकासोबत चार गोष्टी लिहा: बांधायचा खर्च, दरवर्षीच्या देखभालीचा खर्च, लागणारा वेळ आणि गैरसोय कुणाची होणार. चौथी गोष्ट बहुतेक आराखड्यांत गायब असते. झाडं हवीत का, यावर सगळे हात वर होतात. झाडांसाठी बारा गाड्यांची जागा जाईल, हे म्हटल्यावर खरी चर्चा सुरू होते, आणि ती आत्ताच झालेली बरी.

स्वीडनमधल्या माल्मो शहरातली ऑगस्टनबोर्ग वस्ती अभ्यासण्यासारखी आहे. पावसाचं पाणी मलवाहिन्यांत शिरायचं आणि तळघरं भरायची. १९९८ पासून पाणी पुन्हा जमिनीवर आणायचं ठरलं: सुमारे ६ किलोमीटर उघडे पाट, १० साठवण तळी, छपरांवर हिरवळ. घरांच्या दाराशी पाणी खेळणार म्हटल्यावर रहिवाशांना प्रश्न पडणारच. रचना ठरवताना भाडेकरू आणि शाळकरी मुलं सामील होती आणि आराखडा त्यांच्याशी बोलत बोलत बदलत गेला. ऑगस्ट २०१४ मध्ये माल्मोत अतिवृष्टी झाली तेव्हा शेजारच्या वस्त्यांच्या मानाने ऑगस्टनबोर्गचं नुकसान फार कमी झालं. तिथे सेन्सरपेक्षा उतार जास्त हुशार ठरला. स्मार्ट शहराच्या चर्चेत हे जरा विसरलं जातं.

माणसं शेकड्यांनी असतील आणि मतं टोकाची असतील तर ऑनलाइन चर्चेचं साधन नीट निवडा. साध्या प्रतिक्रियांच्या जागेत भांडणच होतं. तैवानमध्ये २०१५ साली ॲपवरच्या टॅक्सींचे नियम ठरवताना पोलिस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर वापरलं गेलं. (याचा खाकी वर्दीशी काही संबंध नाही.) त्यात माणूस छोटं विधान मांडतो, इतर जण सहमत, असहमत किंवा ‘पुढे चला’ एवढंच निवडतात. उलट उत्तर देण्याची सोयच नाही. मतांचे गट आपोआप नकाशासारखे दिसतात आणि विरोधी गटांनाही मान्य असलेली विधानं वर येतात. विमा, प्रवाशांची सुरक्षा अशा मुद्द्यांवर दोन्ही बाजू एकत्र आल्या आणि पुढचे नियम त्यावर बेतले गेले.

पायरी ६: पैशावर हात ठेवू द्या

सूचना मागणं सोपं असतं. पैशाचा वाटा सोडणं ही खरी परीक्षा.

ब्राझीलमधल्या पोर्टो अलेग्री शहराने १९८९ मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं. शहराचे विभाग पाडले, विभागांच्या सभांतून प्राधान्यक्रम आणि प्रतिनिधी निवडले गेले, प्रतिनिधींच्या मंडळाने वाटप ठरवलं. त्यातली खरी कळ सूत्रात होती. ज्या विभागात सोयी कमी आणि लोकसंख्या जास्त, त्याला पैसा जास्त, आणि हे सूत्र वाटपाआधी जाहीर. त्यामुळे मोठ्या आवाजाच्या वस्तीला वेगळा भाव मिळेना. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी असलेल्या घरांचं प्रमाण १९८८ मधल्या ७५ टक्क्यांवरून १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेलं. पॅरिसने २०१४ मध्ये अशीच सुरुवात करताना २०२० पर्यंतच्या भांडवली खर्चातले ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० कोटी युरो, बाजूला काढले. मतदानाला राष्ट्रीयत्वाची अट ठेवली नाही.

तुमची रक्कम लहान असली तरी हरकत नाही, पण वाटपाचं सूत्र मतदानाआधी ठरवा. प्रत्येक प्रस्तावाची तांत्रिक छाननी करा आणि नाकारलेल्याचं कारण जाहीर लिहा. किमतीत पाच वर्षांची देखभाल धरा. मतपत्रिकेवर ‘एक निवडा’ असं न ठेवता एकूण रकमेत बसतील तेवढी कामं निवडू द्या. म्हणजे मतदारालाही तीच कसरत करावी लागते जी लेखा विभाग करतो. निवडलेलं काम कधी पूर्ण होणार याची तारीख मतपत्रिकेवरच छापा.

पायरी ७: रंग आणि खुर्च्यांनी करून पाहा

काँक्रीट ओतण्याआधी तात्पुरतं करून बघण्याची सवय शहराला लागली पाहिजे. मे २००९ मध्ये न्यूयॉर्कने टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवेचा काही भाग गाड्यांना बंद केला आणि तिथे चक्क घडीच्या खुर्च्या मांडल्या. टॅक्सींच्या जीपीएसवरून वेग मोजला, अपघातांची नोंद ठेवली. गाडीतल्या लोकांच्या जखमा ६३ टक्क्यांनी आणि पादचाऱ्यांच्या ३५ टक्क्यांनी घटल्याचं शहराच्या अहवालात दिसलं. फेब्रुवारी २०१० मध्ये बदल कायम केला गेला. बेल्जियमच्या गेंट शहरात २०१३ पासून काही गल्ल्यांतल्या रहिवाशांनीच ठरावीक आठवडे गाड्या बाहेर ठेवून रस्त्यावर बाकं, हिरवळ, खेळायची जागा मांडून पाहिली. शेजाऱ्यांशी बोलून गाड्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवणं त्यांच्याच अंगावर होतं, आणि ते योग्यच होतं.

स्टॉकहोमचा प्रयोग मला सर्वांत धाडसी वाटतो. वाहनांची गर्दी कमी करण्यासाठी शहराच्या मध्यभागात गाडी आणण्या-नेण्यावर शुल्क लावायचं होतं आणि लोकमत विरोधात होतं. मग जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने शुल्क लावलं, नंतर ते बंद केलं, आणि सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतलं. प्रयोगाच्या काळात शुल्काची हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली होती. रस्ते मोकळे अनुभवल्यानंतर बहुसंख्य मतदारांनी बाजूने कौल दिला. २००७ पासून शुल्क कायम झालं.

प्रयोग सुरू करताना संपण्याची तारीख, यशाची मोजपट्टी आणि अपयश आलं तर मागे घेण्याची पद्धत तिन्ही जाहीर करा. मुदत इतकी ठेवा की माणसं नव्या वाटांना सरावतील. पहिले दोन-तीन आठवडे गोंधळाचे जातात, तेव्हाचे आकडे पाहून घाबरू नका. शेजाऱ्यांना मात्र आधीपासून सोबत घ्या. बार्सिलोनात सप्टेंबर २०१६ मध्ये पोब्लेनौ भागात पहिला नवा ‘सुपरब्लॉक’ (काही चौकांचा गट, ज्याच्या आतल्या रस्त्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना मज्जाव) झटपट उभारला गेला तेव्हा आमच्याशी पुरेसं बोलला नाहीत म्हणून रहिवाशांच्या एका गटाने जाहीर विरोध केला. रचना नंतर टिकली, सुधारली, पण महिने कडवटपणात गेले.

पायरी ८: खरेदी आणि डेटा

सॅन डिएगो शहराने २०१६ मध्ये वीज वाचवणाऱ्या दिव्यांसोबत रस्त्यांवर सेन्सर लावायला मंजुरी दिली. वाहतूक आणि पार्किंग मोजणं हा सांगितलेला हेतू. तीन हजारांहून अधिक खांबांवर यंत्रं चढली आणि त्यांत कॅमेरेही होते. २०१८ पासून त्यांची चित्रफीत पोलीस तपासासाठी वापरू लागले. रहिवाशांना हे कळायला वेळ लागला. संताप उसळला, २०२० मध्ये महापौरांनी यंत्रणा बंद करायला सांगितलं आणि २०२२ मध्ये देखरेख तंत्रज्ञानासाठी वेगळा नियम आला. हेतू बदलतो तेव्हा परवानगी नव्याने घ्यावी लागते, एवढं कलम कंत्राटात आणि शहराच्या नियमात सुरुवातीलाच असतं तर बरंच टळलं असतं.

निविदेत काय हवं ते सांगतो. डेटा शहराचा राहील आणि पुरवठादार तो यंत्राला वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात देईल. कंत्राट संपल्यावर सगळा डेटा परत मिळेल आणि पुरवठादाराकडचा पुसला जाईल. मोजणी शक्यतो यंत्रातच होईल, बाहेर फक्त आकडा येईल, चेहरा किंवा गाडीचा क्रमांक येणार नाही. कच्ची नोंद किती दिवसांनी नष्ट होणार हे दिवसांत लिहिलेलं असेल. सुरक्षा सुधारणा किती वर्षं मिळणार, बॅटरी कोण बदलणार, आणि दुसऱ्या कंपनीचं यंत्र त्याच जाळ्यात बसेल का, याचीही उत्तरं. गर्दी मोजायची असेल तर कॅमेऱ्याआधी इन्फ्रारेड मोजणीयंत्र चालेल का ते विचारा. बहुतेक वेळा चालतं आणि स्वस्तही पडतं.

रहिवाशांना हे पाहता आलं पाहिजे. ॲमस्टरडॅमने २०२१ पासून सार्वजनिक जागेतल्या सेन्सरची नोंदणी सक्तीची केली आहे आणि ती नकाशावर खुली आहे. त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी यांनी महापालिका वापरते त्या अल्गोरिदमांची जाहीर नोंदवही सुरू केली. इतकं मोठं काही नसलं तरी खांबावर एक पाटी लावता येते: हे काय मोजतं, काय मोजत नाही, डेटा कुणाकडे जातो, हरकत कुठे घ्यायची.

पायरी ९: उत्तर द्या, मग नियम करा

बार्सिलोनाने २०१६ मध्ये डिसिडिम या मुक्त सॉफ्टवेअरवर शहराच्या आराखड्यासाठी सूचना मागवल्या तेव्हा १० हजारांहून अधिक आल्या. अशा व्यासपीठाचा उपयोग गोळा करण्यापेक्षा मागोवा ठेवण्यात जास्त: प्रत्येक सूचना मान्य झाली की नाही, का, आणि पुढे कुठल्या कामात गेली. तुमच्याकडे सॉफ्टवेअर नसेल तर साधा तक्ता जाहीर करा. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ हे उत्तर मोजू नका.

काम उभं राहिल्यावर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करा, तीच माणसं बोलावून. आकडे वाईट आले तरी छापा. देखभालीसाठी एका व्यक्तीचं नाव आणि फोन जाहीर असू द्या. समितीला फोन लागत नाही.

शेवटचं काम कायदेशीर आहे. पोर्टो अलेग्रीतली प्रक्रिया २०१७ मध्ये स्थगित झाली, म्हणजे जगभर नावाजलेली पद्धतही राजकीय मर्जी फिरली की थांबते. म्हणून एक प्रयोग जमला की लगेच सर्वसाधारण सभेत ठराव किंवा उपविधी करून घ्या. त्यात दरवर्षी राखून ठेवायची किमान टक्केवारी, चिठ्ठ्या टाकून नेमायच्या गटाची मुदत, सूचनांना उत्तर देण्याची मुदत, डेटाचा हेतू बदलताना नव्याने घ्यायची मंजुरी आणि प्रक्रिया थांबवायची असेल तर आधी जाहीर सुनावणीची अट असावी. सलग वर्षभर ज्या सेन्सरचा आकडा एकाही निर्णयात वापरला गेला नाही तो काढून टाकायचा, हे कलमही त्यातच घाला.